चामड्याचे काम शिकताना सल्ला कसा मागावा आणि कसा द्यावा

हौस म्हणून चामड्याचे काम करणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच बसून काम करतो. ही कारागिरी पूर्वापार जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकली जात असे. रापी (चामडे कापण्याची सुरी) कशी धरायची आणि दोरा किती ताणायचा हे बघून बघून हातात येई, आणि काही चुकले तर शेजारचा माणूस त्याच क्षणी हात थांबवून सांगे. हौशी माणसाला हा शेजार मिळत नाही. त्याची जागा भरून काढतात ती त्याच्यासारखीच इतर हौशी मंडळी, आणि ती मदतीला तयारही असतात. तरीही बराचसा सल्ला वाया जातो, कारण विचारणाऱ्याने आवश्यक ती माहिती दिलेली नसते किंवा सांगणारा वेगळ्याच चामड्याचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. नेमका प्रश्न विचारणे आणि नेमका सल्ला देणे हीदेखील शिवण्याइतकीच शिकून घेण्याची कौशल्ये आहेत असे मला मनापासून वाटते. ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी ती पायरीपायरीने येथे मांडली आहेत.

पहिली पायरी : ज्याबद्दल बोलता येईल अशी वस्तू करावी

सुरुवातीला मोठी पिशवी किंवा बॅग करायला घेऊ नये. तिच्यात इतक्या उणिवा एकदम दिसतात की सांगणाऱ्याला कोठून सुरुवात करावी हे कळत नाही आणि ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. दोन तुकड्यांचे, सरळ शिवणीचे लहानसे कार्ड-पाकीट ही पहिली वस्तू म्हणून उत्तम आहे. कापणे, भोके पाडणे, शिवणे आणि कडा घोटणे ही चारही मूलभूत कामे त्यात येतात आणि प्रत्येक काम वेगळे पाहता येते. त्यासाठी धारदार सुरी, पोलादी पट्टी, कापण्याची चटई, दातेरी पटाशी (ठोकून एका ओळीत भोके पाडण्याचे दात्यांचे अवजार), लाकडी किंवा प्लॅस्टिकची मोगरी, दोन बोथट टोकांच्या सुया, मेणवलेला दोरा आणि बारीक सॅंडपेपर एवढे साहित्य पुरते.

तेच पाकीट त्याच नमुन्यावरून पुन्हा पुन्हा करावे आणि एकही टाकून देऊ नये. प्रत्येकाच्या आतल्या बाजूवर तारीख, चामड्याची जाडी, दोऱ्याची जाडी आणि टाक्यांचे अंतर लिहून ठेवावे. पुढे कोणाला काही विचारताना ही चार टिपणे हाताशी असली की निम्मा प्रश्न आपोआप नीट मांडला जातो.

दुसरी पायरी : आपल्या चामड्याचे नाव सांगता यावे

सल्ल्यातील गोंधळाचे सर्वांत मोठे कारण येथे आहे, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे. चामडे मुख्यतः दोन प्रकारे कमावले जाते. झाडांच्या साली, फळे किंवा लाकूड यांतील टॅनिन नावाचे तुरट द्रव्य वापरून कमावलेले चामडे हा पहिला आणि फार जुना प्रकार. ओक, चेस्टनट, मिमोसा, हिरडा अशा अनेक वनस्पती त्यासाठी वापरल्या जातात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे हा दुसरा प्रकार, जो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. वनस्पतींनी कमावलेले चामडे ओले केल्यावर आकार घेते, त्यावर नक्षी ठोकता येते, त्याच्या कडा घोटून गुळगुळीत होतात आणि उन्हाने व हाताळण्याने ते हळूहळू गडद होत जाते. क्रोम चामडे मऊ आणि लवचिक असते, पाण्याला अधिक दाद देत नाही, पण त्यावर ठोकलेली नक्षी टिकत नाही आणि त्याच्या कडा घोटल्या तरी केसाळच राहतात.

आपल्याजवळचा तुकडा कोणत्या प्रकारचा आहे हे कळत नसेल तर ताजी कापलेली कड उजेडात पाहावी. क्रोम चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर-करडी छटा दिसते, तर वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचा गाभा फिकट तपकिरी असतो. रंग आरपार मुरवलेला असेल तर मात्र ही खूण उपयोगी पडत नाही. अशा वेळी मांसाकडच्या, म्हणजे आतल्या खडबडीत बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो पटकन शोषला जाऊन डाग गडद झाला तर चामडे वनस्पतींनी कमावलेले असण्याची शक्यता अधिक असते. तुकडा जाळून पाहण्याची एक चाचणीही काही जण सांगतात. ती करू नये, कारण क्रोम चामडे जाळल्यास क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते.

जाडी मिलिमीटरमध्ये सांगावी. पुष्कळ नमुन्यांत ती औंसांत दिलेली असते. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. त्यामुळे कोणी आठ औंसांचे चामडे म्हटले तर ते साधारण ३.२ मिलिमीटरचे आहे हे समजावे. पाकिटासाठी १ ते १.५ मिलिमीटर आणि कमरेच्या पट्ट्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडी सोयीची पडते. तुकडा जनावराच्या पाठीचा, खांद्याचा की पोटाचा हेही माहीत असल्यास सांगावे. पाठीचे चामडे घट्ट असते आणि पोटाचे सैल. पोटाच्या भागातून कापलेला पट्टा वापरता वापरता ताणून लांब होतो, आणि मग त्याचा दोष विनाकारण शिवणीला दिला जातो.

तिसरी पायरी : विचारण्याआधी वस्तू उलटून पाहावी

दर्शनी बाजू सगळेच पाहतात. हाताची सवय मागच्या बाजूवर दिसते. ज्याला सॅडल स्टिच म्हणतात त्या दोन सुयांच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. म्हणूनच एखादा टाका तुटला तरी ती शिवण यंत्राच्या शिवणीसारखी सरसर उसवत नाही. पण याच शिवणीत शिस्त लागते. प्रत्येक भोकात पहिली सुई कोणत्या हाताची, दुसरी सुई आधीच्या दोऱ्याच्या वरून की खालून आणि दोरा कोणत्या दिशेने ओढायचा, हा क्रम शेवटपर्यंत बदलता कामा नये. पुढून तिरपे असलेले टाके मध्येच सरळ झाले असतील तर बहुधा त्या ठिकाणी क्रम मोडला आहे. पुढची ओळ सरळ आणि मागची नागमोडी असेल तर आरी (भोक पाडण्याचे टोकदार अवजार) किंवा पटाशी काटकोनात धरली गेलेली नाही. टाके कोठे खोल रुतलेले आणि कोठे सैल असतील तर ताण सारखा नाही. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या आरपार गेली असेल तर दोरा पुढे सरकतच नाही, आणि हे त्याच क्षणी लक्षात घेऊन सुई मागे घ्यावी लागते.

त्यानंतर कड पाहावी. दोन थरांमधली रेघ उघडी दिसत असेल तर गोंद काठापर्यंत पोहोचलेला नाही. कड केसाळ असेल तर ती पुरेशी घासलेली नाही, किंवा चामडेच घोटण्याजोगे नाही. कापाची रेघ डळमळीत असेल तर सुरी बोथट झाली आहे किंवा एकाच दाबात आरपार कापण्याचा प्रयत्न झाला आहे. जाड चामड्यावर पट्टी पक्की दाबून धरून दोन-तीन हलके फिरवलेले काप केव्हाही स्वच्छ येतात.

एवढे पाहिल्यावर पुष्कळ प्रश्नांची उत्तरे स्वतःलाच मिळतात. उरतील ते प्रश्न खरोखर विचारण्याजोगे असतात.

चौथी पायरी : प्रश्न असा मांडावा की उत्तर देता येईल

“माझे टाके वाकडे का येतात?” या प्रश्नाला दहा उत्तरे मिळतील आणि त्यांतली नऊ निरुपयोगी ठरतील. त्याऐवजी असे विचारावे : “वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचे १.२ मिलिमीटरचे दोन थर आहेत, भोके ४ मिलिमीटर अंतरावर पटाशीने दोन्ही थरांतून एकदम पाडली आहेत, दोरा ०.८ मिलिमीटरचा मेणवलेला पॉलिएस्टरचा आहे. पुढून टाके तिरपे येतात, पण मागून सरळ दिसतात. मी उजव्या हाताची सुई आधी घालतो.” ज्याला हे काम येते तो माणूस एवढे ऐकून बहुधा पुढचा एकच प्रश्न विचारील आणि मग नेमके कारण सांगेल. काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी प्रश्नात असाव्यात. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. छायाचित्र दाखवायचे असेल तर पुढची बाजू, मागची बाजू आणि कड अशी तीन चित्रे घ्यावीत, उजेड एका बाजूने पडू द्यावा म्हणजे टाक्यांची खोली दिसते, आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी.

काळ्या डागांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. नक्षीसाठी ओलावलेल्या चामड्यावर निळसर-काळे डाग उठले की नवखा माणूस बुरशी आली असे समजून उपाय विचारतो, आणि ऐकणारेही बुरशीचेच उपाय सांगतात. प्रत्यक्षात ओल्या चामड्यातील टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की असे डाग पडतात. साधी लोखंडी पट्टी, चिमटा किंवा पोलादाचा बारीक कीस त्याला पुरेसा असतो. “ओल्या चामड्याला कोणते अवजार लागले होते?” हे जर प्रश्नातच सांगितले असते तर उत्तर पहिल्याच वाक्यात मिळाले असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी, ती म्हणजे आपल्याला काय हवे आहे. कधी दुरुस्ती हवी असते आणि कधी पहिली वस्तू पूर्ण झाल्याचा आनंद कोणाला तरी सांगायचा असतो. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. “आज फक्त दाखवतो आहे, उणिवा पुढच्या वेळी सांगा” असे म्हणण्यात कमीपणा नाही, आणि त्यामुळे समोरच्यालाही कसे बोलावे हे कळते. मात्र वस्तू दाखवताना आपणच तिला नावे ठेवू नयेत. “फारच वाईट झाले आहे” अशी सुरुवात केली की ऐकणारा धीर देण्यातच गुंततो आणि कामाकडे नीट पाहण्याचे राहून जाते.

पाचवी पायरी : परस्परविरोधी सल्ल्याचे कारण शोधावे

थोड्याच दिवसांत असे होते की एक जण कड पाणी लावून कापडाने घोटायला सांगतो, दुसरा ट्रॅगाकंथ डिंक लावायला सांगतो आणि तिसरा घोटण्याच्या भानगडीत न पडता कडेचा रंग लावायला सांगतो. तिघेही आपापल्या जागी खरे असतात. पहिल्या दोघांच्या हाती वनस्पतींनी कमावलेले चामडे आहे आणि तिसऱ्याच्या हाती क्रोम चामडे आहे, ज्याच्या कडांना रंगाचा थर हाच खरा उपाय आहे. नक्षीसाठी चामडे किती ओले असावे याबद्दलही असेच मतभेद ऐकू येतात. माझ्या मते वेळ मोजण्यापेक्षा खूण पाहावी : पाणी मुरून पृष्ठभागाचा रंग जवळजवळ पहिल्यासारखा झाला, तरी हात लावल्यावर गार लागते, ही ठोकण्याची वेळ. त्याआधी ठोकले तर ठसे पसरट येतात आणि फार उशीर केला तर ते उथळ राहतात.

म्हणून प्रत्येक सल्ल्यामागे “हे कोणत्या चामड्यावर आणि का?” असे नम्रपणे विचारावे. त्यानंतर उरलेल्या तुकड्यावर करून पाहावे. एकाच चामड्याची पट्टी घेऊन तिच्या कडेचे तीन भाग करावेत, एकावर नुसते पाणी, दुसऱ्यावर डिंक आणि तिसऱ्यावर मधमाश्यांचे मेण वापरावे, बाकी घासणे आणि घोटणे अगदी सारखे ठेवावे आणि प्रत्येक भागावर काय वापरले ते लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर फरक कशाने पडला हे कळते. सुरी, गोंद, दोरा आणि पद्धत एकदमच बदलली तर काम सुधारले तरी का सुधारले हे अंधारातच राहते.

ज्याने सल्ला दिला त्याला निकाल जरूर कळवावा, मग तो उपयोगी पडलेला असो वा नसो. ही साधी गोष्ट फार थोडे जण करतात. सल्ला देणाऱ्यालाही आपले म्हणणे दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्या चामड्यावर कसे उतरले हे त्याशिवाय समजत नाही, आणि पुढच्या नवख्याला तो अधिक अचूक सांगू शकतो.

सहावी पायरी : आपण सल्ला देऊ लागलो की

पहिल्या दोन-चार वस्तू झाल्या की आपल्यामागून आलेला कोणी तरी आपल्यालाच विचारू लागतो. अशा वेळी तज्ज्ञ नसल्याचा संकोच करू नये; नुकतीच पार केलेली अडचण आपल्याला सर्वांत ताजी आठवत असते.

उणीव एकाच वेळी एकच सांगावी, आणि ती कामाच्या क्रमात सर्वांत आधी येणारी असावी. काप वाकडा असेल तर कड नीट होणार नाही, आणि भोके ओळीत नसतील तर कितीही काळजीने शिवले तरी टाके ओळीत येणार नाहीत. म्हणून भोके चुकलेल्या माणसाला दोऱ्याच्या ताणाबद्दल सांगून उपयोग नाही. त्याला सांगावे की काठापासून ३ मिलिमीटरवर दुटोकी कंपासाने रेघ मारावी, पटाशीचा एक दाता दर वेळी आधीच्या शेवटच्या भोकात ठेवूनच पुढे जावे आणि ठोकताना पटाशी समोरून व बाजूने अशी दोन्हीकडून सरळ आहे का ते पाहावे. एवढ्यावर थांबावे. बाकीचे पुढच्या वस्तूच्या वेळी सांगता येते.

नवे अवजार विकत घ्यायला सांगण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा जुन्याच अवजाराला धार लावण्याची गरज असते. चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट चोळून तिच्यावर सुरीचे पाते पाठीकडून ओढत राहिले तर साध्या सुरीनेही चामड्याची कड पातळ छिलता येते. जी सुरी ढकलावी लागते ती घसरते, त्यामुळे धारेचा सल्ला हा सुरक्षिततेचाही सल्ला आहे.

प्रोत्साहनसुद्धा नेमके असावे. “छान झाले आहे” या शब्दांनी क्षणभर बरे वाटते, पण त्यातून काय पुन्हा करायचे हे कळत नाही. “कोपऱ्यावरच्या तिन्ही टाक्यांचा ताण सारखा आहे” असे सांगितले तर त्या माणसाला आपल्या हातून काय साधले ते कळते आणि पुढच्या वेळी तो ते जाणूनबुजून साधतो. त्यासाठी वस्तूकडे खरोखर बारकाईने पाहावे लागते, आणि आपल्या कामाकडे कोणी इतके बारकाईने पाहिले हेच नवख्याला मिळणारे सर्वांत मोठे बळ असते. समोरासमोर बसून शिकवत असलो तर त्याच्या हातातील काम आपल्या हातात घेऊ नये. आपण वेगळ्या तुकड्यावर करून दाखवावे आणि त्याचे काम त्यालाच पुरे करू द्यावे.

खोटे कौतुक मात्र करू नये. ज्या शिवणीवर भार येणार आहे तिथली उणीव सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगितलीच पाहिजे. बॅगेचा पट्टा चार टाक्यांवर टांगलेला असेल, किंवा सुरीच्या म्यानात पात्याच्या धारेकडच्या बाजूला मधली पट्टी घातलेली नसेल, तर ते सांगणे हीच आपुलकी आहे. ती पट्टी नसली तर सुरी आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते आणि एक दिवस म्यान हातातच उघडते.

सातवी पायरी : जिथे वाट पाहायची नसते

धोक्याची गोष्ट दिसली तर विचारले नसतानाही लगेच सांगावी. कापताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असावा. दोन्ही पृष्ठभागांना लावून अर्धवट सुकल्यावर चिकटवण्याचे गोंद आणि स्पिरिटमधले रंग यांची वाफ घातक आणि ज्वालाग्राही असते, म्हणून ती कामे उघड्या खिडकीपाशी आणि विस्तवापासून दूर करावीत. कडा घासताना तोंडावर मास्क असावा आणि रंग लावताना हातमोजे असावेत. पटाशीवर पोलादी हातोडी मारू नये; दाते बिघडतात आणि कडक पोलादाची कपची डोळ्यात उडू शकते. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण ती आपोआप पेट घेऊ शकते; ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. माणसाचा किंवा जनावराचा जीव ज्यावर अवलंबून आहे असे पट्टे आणि साज हौशी माणसाने केवळ सल्ल्याच्या भरवशावर करू नयेत.

आठवी पायरी : पुढे सरकत नाही असे वाटू लागले की

काही महिन्यांनी एक काळ असा येतो की आपले काम पूर्वीपेक्षा वाईट वाटू लागते. याचे कारण हात बिघडला हे नसते. चांगले-वाईट ओळखणारी नजर हातापेक्षा लवकर तयार होते, आणि जे दोष पूर्वी दिसतच नव्हते ते आता ठळक दिसू लागतात. जपून ठेवलेली पहिली पाकिटे अशा वेळी काढून ओळीने मांडावीत आणि मागच्या बाजूच्या शिवणी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. ज्याला धीर द्यायचा आहे त्यालाही त्याच्याच जुन्या वस्तूशेजारी नवी वस्तू ठेवून दाखवावी. दुसऱ्या कोणाच्या कामाशी केलेली तुलना अशा वेळी जिव्हारी लागते.

चार-पाच जणांनी मिळून एकच नमुना, एकाच चामड्यातून आणि एकाच दोऱ्याने करून पाहणे हा शिकण्याचा मला सर्वांत आवडणारा मार्ग आहे. साहित्य सारखे असल्यामुळे जो फरक उरतो तो केवळ हाताचा असतो. वस्तू एकमेकांकडे देऊन प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामातील एक साधलेली आणि एक सुधारण्याजोगी गोष्ट लिहावी. ज्यांच्याजवळ चामड्याचे उरलेले तुकडे आहेत त्यांनी ते प्रकार आणि जाडी लिहून नवख्यांना द्यावेत. हाताशी सरावाचे तुकडे असले की चांगले चामडे बिघडण्याची भीती राहत नाही, आणि नवा माणूस निर्धास्तपणे कापायला बसतो.

नमुने वाटून घेताना तो कोणी आखला आहे ते विचारून त्याचे नाव नमुन्यावर लिहावे, आणि त्याची परवानगी असेल तरच तो पुढे द्यावा. नमुन्याच्या कोपऱ्यात बरोबर ५० मिलिमीटर लांबीची एक रेघ आखून ठेवावी. कागदावर छापताना आकार थोडा लहान-मोठा होतो, आणि ज्याला तो मिळाला आहे त्याने चामड्यावर सुरी ठेवण्याआधी ती रेघ पट्टीने मोजून घ्यावी.